खुलासा : थिका रस्त्याने नैरोबीची गर्दी संपवली का?

‘केनियाने आठ पदरी रस्ता बांधला आणि नैरोबीतली वाहतूक कोंडी कायमची संपली’ असा फोटोसकट मजकूर सध्या फिरतो आहे. फोटो नैरोबीला थिका शहराशी जोडणाऱ्या थिका महामार्गाचा असला, तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

सुमारे 50 किलोमीटरचा हा रस्ता नोव्हेंबर 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांच्या हस्ते खुला झाला. सुरुवातीला प्रवासाचा वेळ खरंच घटला, हे मान्य. पण वेळ घटला की लांबची जमीन ‘जवळ’ येते, आणि इथेही तेच झालं. या रस्त्यालगतच्या रुइरू, जुजा या गावांकडच्या कॉफीच्या मळ्यांचे प्लॉट पडले, भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या. टाटू सिटी नावाचं अख्खं नवं शहर जुन्या कॉफी मळ्यावर वसतंय. (आपल्या टाटांचा त्याच्याशी संबंध नाही!) हा भाग ज्या किआंबू काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतो, तिची लोकसंख्या 2009 च्या जनगणनेत सुमारे 16 लाख होती, 2019 मध्ये ती 24 लाखांवर गेली. ही सगळी वाढ रस्त्यामुळेच झाली असं नाही. नैरोबीतली महागडी घरंही लोकांना बाहेर ढकलत होतीच. मात्र ती वाढ कोणत्या दिशेला जाणार, हे ठरवण्यात रस्त्याचा मोठा वाटा आहे. आणि तिथून रोज निघणाऱ्या मटाटू (खासगी मिनीबस) व गाड्या शेवटी शहराच्या त्याच जुन्या गल्ल्यांत येऊन अडकतात.