म्हातारं माणूस आणि हॉलमधला दिवाण

"वय झालं की झोप कमी होतेच" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना, आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच. म्हातारं माणूस सांगतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि समोरचा हे एक वाक्य बोलून मोकळा होतो. घरात ऐंशी पार केलेल्या सासूबाई आहेत, यजमान सत्तरीला टेकलेत, माझीही साठी उलटली. म्हणून आज सविस्तर लिहिते.

वयाने झोप बदलते, हे खरं आहे. गाढ झोपेचा वाटा घटतो, झोप तुटक होते, जरा खुट्ट झालं की जाग येते. शरीरातलं घड्याळ अलीकडे सरकतं, म्हणजे संध्याकाळी साडेसातलाच पेंग येते आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. हे घड्याळ उजेडावर चालतं, आणि वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत गेल्यामुळे त्याच्यापर्यंत उजेडही कमी पोचतो. पण झोपेची गरज? अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनची शिफारस ६५ वर्षांपुढच्या माणसांना ७ ते ८ तासांची आहे, तरुणांना ७ ते ९. फरक एवढासाच. "म्हाताऱ्यांना चार तास पुरे" हे आपल्या सोयीचं आहे, दुसरं काही नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या घरांमधल्या म्हाताऱ्यांची झोप वयाने जेवढी जाते, त्याहून जास्त घराच्या मांडणीने जाते.

आम्ही सिडकोत राहतो. इथली घरं अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या हिशोबाने बांधलेली, आटोपशीर. आतली खोली मुलगा-सुनेची, दुसरी असलीच तर नातवंडांच्या अभ्यासाची, आणि आजी किंवा आजोबा हॉलमधल्या दिवाणावर. आमच्या गल्लीत कितीतरी घरांत हेच चित्र आहे, आणि त्यात कुणाच्या मनात वाईट नसतं, जागाच तेवढी असते. पण त्या दिवाणावरची रात्र कशी जाते, ते एकदा बघा. आठला आजीला झापड येते. टीव्ही चालू. भिंतीला उशी टेकवून ती बसल्या बसल्याच पाऊणएक तास डुलकी काढते, कारण आडवं व्हायला दिवाण मोकळा नाही, त्यावर सगळे बसलेत. साडेनवाला जेवणं. अकराला टीव्ही बंद होतो, तोवर तिची झोप उडालेली असते. कशीबशी बाराला डोळा लागतो, तर मुलगा सेकंड शिफ्टहून येतो, कडी वाजते, स्वयंपाकघरातला दिवा लागतो, ताट वाढलं जातं. मग दोन, मग तीन. सकाळी साडेपाचला दूधवाला. आणि सात वाजता सून काळजीने विचारते, "आई, झोप झाली का?"

आमच्या सासूबाई निफाडकडच्या. जन्म शेतात गेला. दिवेलागणीला जेवण, आठाच्या आत अंथरूण, पहाटे चारला उठून चूल. गावाकडे त्यांना कुणी निद्रानाश आहे असं म्हटलं नाही. इथे आल्यावर तीच झोप आजार झाली! त्यांचं शरीर जुन्याच वेळेवर चाललंय, आम्ही अकराला दिवे मालवतो म्हणून ते चुकीचं ठरत नाही. आता त्यांचं ताट सातला वेगळं वाढते. बाकीच्यांनी एकत्र जेवायचं तेव्हा जेवावं. त्यांचा पलंग आतल्या खोलीत गेला, आम्ही दोघं हॉलमध्ये आलो. नातेवाइकांनी नाकं मुरडली, "तुमचंही वय झालं की" म्हणून. असू दे.

आता झोपेच्या गोळीबद्दल. इथे मला खरंच राग येतो. झोप येत नाही म्हटलं की कुणीतरी शेजारी सांगतो, अर्धी अल्प्राझोलम घ्या, काही होत नाही. अल्प्राझोलम आणि झोल्पिडेम ही औषधं आपल्याकडे एच-वन या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, विकली की दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. तरी जुनं पाकीट दाखवून नवी पट्टी मिळते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हाताऱ्या शरीरातून ही औषधं लवकर बाहेर पडत नाहीत. सकाळी डोकं जड, बोलणं विसरायला होतं, रात्री उठलं की तोल जातो. माझ्या ओळखीतल्या एक काकू बरीच वर्षं अर्धी गोळी घेत होत्या. रात्री बाथरूमला जाताना पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर त्या एकट्या कधी फाटकाबाहेर गेल्या नाहीत. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे, अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती अद्ययावत करते, आणि झोपेच्या या गोळ्या त्यात ठळकपणे आहेत. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही सांगितलं की जुनाट निद्रानाशावर आधी सवयी आणि विचार बदलायची उपचारपद्धती वापरा, गोळी नंतर. त्यातल्या सवयी साध्या आहेत: झोप आली तरच आडवं व्हायचं, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर तळमळत न पडता उठून खुर्चीत बसायचं, रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, तीननंतर तर नकोच. पण हॉलमध्ये टीव्हीसमोर झोपणाऱ्या माणसाने हे पाळायचं कसं?

ज्यांची गोळी आधीच चालू आहे त्यांनी ही पोस्ट वाचून ती एकदम बंद करू नये, हे हात जोडून सांगते. त्याने फार त्रास होतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते.

घोरण्याबद्दलही बोललं पाहिजे. "आजोबा काय मस्त घोरतात" असं आपण कौतुकाने म्हणतो. घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो, काही क्षण शांतता, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं होत असेल तर ते गाढ झोपलेले नाहीत. त्यांचा श्वास अडतोय. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्याने रक्तदाब चढतो, दिवसा पेंग येते, रात्री लघवीलाही जास्त वेळा उठावं लागतं. अशा माणसाला झोपेची गोळी देणं धोक्याचं. आमचे यजमानही रात्री लघवीला सारखे उठायचे, पण त्यांचं कारण वेगळंच निघालं. प्रोस्टेट म्हणून आम्ही धरून चाललो होतो, पण ब्लडप्रेशरच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी होती आणि ती रात्रीच्या डबीत होती. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. आता ते बहुतेक एकदाच उठतात.

उजेडाची गोष्ट नाशिककरांसाठी मुद्दाम. आपल्या थंडीत म्हातारी माणसं स्वेटर-कानटोपी घालून दहा-अकरापर्यंत आत बसतात, खिडक्या लावून. सकाळभर अंधार आणि रात्री ट्यूबलाइट, मग घड्याळ बिघडणारच. त्यांना उन्हात बसवा, हातात वाटाणे सोलायला द्या, लसूण द्या, काहीतरी काम द्या. मात्र ज्यांना तीनलाच जाग येते त्यांनी उजाडता उजाडता फिरायला जाण्याचा हट्ट करू नये, पहाटेच्या उजेडाने घड्याळ आणखी अलीकडे येतं. त्यांनी संध्याकाळी ऊन असताना फिरावं. ट्रॅकवर हे सांगितलं की मंडळी माझ्याकडे अशी बघतात, जसं काही मी ब्राह्ममुहूर्ताचा अपमान केला. ज्यांना लवकर झोपून पहाटे ताजंतवानं वाटतं त्यांनी खुशाल लवकर उठावं. त्रास होतो त्यांच्याबद्दल बोलतेय.

डॉक्टरांकडे नेताना सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, दोन आठवडे झोपायच्या-उठायच्या वेळा वहीत लिहून न्या, आणि तिथे त्यांना स्वतःला बोलू द्या. आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता थेट विचारलं, "आजी, अंथरुणावर पडल्यावर नेमकं काय होतं?" तेव्हा त्या म्हणाल्या, "पायात काहीतरी वळवळतं बाबा, हलवल्याबिगर राहवत नाही." घरी कधी बोलल्या नव्हत्या, कारण कुणी एवढं विचारलं नव्हतं. रक्त तपासलं, लोह फार कमी निघालं. आता लोहाची गोळी चालू आहे, झोपेची नाही.