दुर्बिणीसाठी मायनर घेऊ नका

सेमिस्टर सुरू झालं की ज्युनिअरचे मेसेज येतात, "ताई, मायनरला खगोलशास्त्र घेऊ का?" माझं मेजर, म्हणजे मुख्य विषय, संख्याशास्त्र; मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, खगोलशास्त्र. उत्तर: घ्या. पण दुर्बिणीतून रंगीबेरंगी आकाश दिसेल म्हणून घेणार असाल तर राहू द्या.

आमची निरीक्षणाची पहिली रात्र. टॉर्चवर लाल कागद लावून, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास नुसतं बसून राहिलो. मग देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका दिसली, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह. काचेवर उमटलेल्या श्वासासारखा करडा ठिपका. थेट बघितलं की गायब, जरा बाजूला नजर टाकली की हजर. अंदाजे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड, आणि शेजारची मैत्रीण म्हणाली, "एवढंच?"

खरी मजा आली ती कॉम्प्युटरसमोर. एका सेफिड ताऱ्याचं अंतर काढायचं होतं. हे तारे ठरावीक काळाने उजळतात, मंदावतात. तो काळ जितका मोठा तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. मुळात किती तेजस्वी आणि इथून दिसतो किती मंद, यावरून अंतर निघतं. काळ आणि तेजाचं हे नातं खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविटने १९१२मध्ये मांडलं आणि त्याच आधारावर खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे दाखवलं. मी सगळं गणित केलं. अंतर आलं, तेही भलतंच जास्त. दोन रात्री कोडमध्ये चूक शोधत बसले. सापडेना. सबमिशन परत आलं तेव्हा समासात दोनच शब्द होते, "मधली धूळ?"

तारा आणि आपण यांच्या मधल्या अवकाशातल्या धुळीमुळे तारा मंद दिसतो, आणि मंद म्हणजे लांब असं माझ्या गणिताने धरलं होतं. १९३०मध्ये खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रम्पलरने ही धूळ दाखवून देईपर्यंत भलेभले याच खड्ड्यात पडत होते, हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

आमच्या संख्याशास्त्राच्या वर्गात आकडे धुऊनपुसून समोर येतात. इथे तसं नाही. तारा उचलून जवळ आणता येत नाही, प्रयोग पुन्हा लावता येत नाही. जो उजेड पोचला त्यातूनच सगळं काढायचं, आणि आपण कितीने चुकू शकतो तेही लिहायचं. त्रुटीचा अंदाज म्हणजे काय, हे मला मेजरने शिकवलं नाही, या मायनरने शिकवलं.

मेजर भौतिकशास्त्र असेल तर मात्र आधी अभ्यासक्रम ताडून बघा, बराच भाग दुसऱ्यांदा येऊ शकतो. लॉगॅरिदम घोटून या. ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेजाचं माप, उलटी चालते, आकडा मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट. सकाळचं पहिलं लेक्चर टाळता आलं तर टाळाच. ढगांमुळे रद्द झालेल्या सगळ्या रात्री शेवटी सबमिशनच्या आठवड्यातच येऊन पडतात.