अटलांटिक ओलांडायचा, पण कुठल्या बसने?

गोव्यात 'चार्टर' हा शब्द विमानापेक्षा माणसांनाच जास्त लागतो. ऑक्टोबर लागला की टॅक्सीवाल्यांमध्ये "चार्टर आयलें" अशी हाळी फिरते आणि दोन दिवसांत कळंगुटच्या वाळूवर उकडलेल्या सुंगटांच्या रंगाची माणसं आडवी होतात. 1980च्या दशकात जर्मनीहून काँडोर कंपनीचं पहिलं चार्टर दाबोळीच्या विमानतळावर उतरलं, तेव्हापासून आपण ही विमानं खालून बघत आलो आहोत. म्हणून टोरांटोची भाची फोनवर सांगते, "मामा, लंडनपर्यंत या, तिथून पुढे चार्टर स्वस्त पडतं," तेव्हा फोंड्यातला मामा गोंधळतो. चार्टरमधून गिऱ्हाइकं येतात एवढंच त्याला माहीत असतं. त्यात आपणही बसू शकतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

नियमित विमान म्हणजे पणजीहून बेळगावला जाणारी कदंब, गोव्याची सरकारी बस. दहा माणसं असोत की पन्नास, ती सुटते. चोर्लाच्या घाटात बंद पडलीच तर मागून येणारी दुसरी कदंब आपल्याला उभ्याने का होईना, नेते. चार्टर म्हणजे वऱ्हाडाची बस. ती कुणीतरी अख्खी ठरवलेली असते, सीट न् सीट भरलेली असते म्हणून माणशी स्वस्त पडते. घाटात बंद पडली की वऱ्हाड दगडावर बसून नवऱ्या मुलाच्या मामाला शिव्या घालतं, कारण मागून दुसरी बस येणारच नसते.

या भेदातून पुढची सगळी रड निघते. चार्टर एका मार्गावर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा जातं. मंगळवारचं विमान बिघडलं तर पुढचं थेट पुढच्या मंगळवारी, आणि तेही आधीच भरलेलं. नियमित कंपनीचं त्याच मार्गावर रोज विमान असतं, शिवाय दुसऱ्या कंपन्यांशी करार असतात. आपलं रद्द झालं तर ती तुम्हाला शेजाऱ्याच्या विमानात बसवू शकते. तिकिटातले जास्तीचे पैसे जेवणाचे आहेत असं लोक समजतात. माझ्या मते ते या शेजाऱ्याचे असतात.

अमेरिकेच्या चार्टर नियमांत हे सरळ लिहून ठेवलंय. चार्टर लावणारा निघण्याच्या 10 दिवस आधीपर्यंत कुठल्याही कारणाने बेत रद्द करू शकतो. पैसे परत मिळतात, पण तोवर बाकीची तिकिटं दुप्पट झालेली असतात. विमानाला उशीर झाला तर 48 तास थांबवल्यानंतरच 'पैसे परत घेता का' असं विचारायचं बंधन आहे. दोन दिवस! तेवढ्यात आपल्याकडे गणपती येऊन विसर्जनसुद्धा होतो.

पूर्वी मात्र चार्टर हाच गरिबाचा आधार होता. 1960च्या दशकात अटलांटिकवरचे दर आयाटा ही कंपन्यांची संघटना ठरवायची आणि ते सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे असत. स्वस्त चार्टर मिळे, पण एका अटीवर: तुम्ही कुठल्यातरी मंडळाचे किमान सहा महिने सभासद असायला हवं, आणि ते मंडळ प्रवासासाठी काढलेलं नको. साहजिकच दोन्ही किनाऱ्यांवर विमान सुटायच्या तोंडावर जन्मणारी मंडळं उगवली आणि अधिकारी धावपट्टीजवळ उभे राहून सभासदांच्या उलटतपासण्या घेऊ लागले. ही अट गोव्याला लागू झाली असती तर आपण जगात पहिले आलो असतो. वाड्यावाड्यावर भजनी मंडळ आहे, पावतीबुकासकट, आणि उलटतपासणीला अभंगही म्हणून दाखवता आला असता.

मग फ्रेडी लेकर हे ब्रिटिश विमानकंपनीवाले आले. 26 सप्टेंबर 1977ला त्यांची स्कायट्रेन लंडनहून न्यूयॉर्कला निघाली, एका बाजूचं तिकीट 59 पौंड. आरक्षण नाही, त्याच दिवशी रांगेत उभं राहायचं, जेवण विकत. 5 फेब्रुवारी 1982ला कंपनी बुडाली. पण तो धडा कुणी घेतला नाही, स्वस्तातल्या कंपन्या बुडतच राहिल्या: प्रायमेरा एअर 1 ऑक्टोबर 2018ला, आइसलँडची वॉव 28 मार्च 2019ला, तिचीच जागा घ्यायला निघालेली प्ले 29 सप्टेंबर 2025ला. नॉर्वेजियनने 2021च्या जानेवारीत लांब पल्ला सोडला म्हणून ती तरी जगली. आपल्या किनाऱ्यावर पर्यटक आणून सोडणारी ब्रिटनची थॉमस कुक 23 सप्टेंबर 2019ला गेली, तेव्हा दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश परदेशात होते आणि त्यांना आणायला सरकारला विमानं धाडावी लागली. तारखा पुन्हा वाचा. बहुतेक कंपन्या उन्हाळ्याचा हंगाम संपता संपता किंवा हिवाळ्याच्या शेवटी आटोपतात, गल्ला आटतो आणि विमानांचं भाडं चालूच राहतं तेव्हा. म्हणून अशा कंपनीचं ऑक्टोबरचं तिकीट मे महिन्यात काढणाऱ्याने निदान क्रेडिट कार्डाने काढावं. विमान नाही उडालं तर बँकेकडे दाद मागता येते. रोख देऊन पावतीच्या मागे फोन नंबर लिहून घेणाऱ्या मामांसाठी मी नुसती हळहळ व्यक्त करू शकतो.

आता पैशांचं बोलू. स्वस्त तिकिटाचा पडद्यावरचा आकडा म्हणजे मासळी बाजारातला पहिला भाव: ऐकायचा, मानायचा नाही. त्यात चेक-इन बॅग, सीटची निवड, जेवण, विमानतळावर बोर्डिंग पास छापायचे पैसे, असं एकेक मिळवत जायचं. आणि हे फक्त चार्टरवाल्यांचं राहिलेलं नाही. बड्या कंपन्यांनीही अटलांटिकवर बॅगेशिवायचं 'बेसिक' तिकीट काढलंय, म्हणून तुलना करताना दोन्हीकडे 23 किलोची एक बॅग आणि एक सीट घालूनच बेरीज करा. माझा अनुभवी अंदाज असा की अशा बेरजेनंतर फरक बऱ्याचदा एवढाच उरतो की त्यात गुडघ्यांची किंमत निघत नाही. गुडघे म्हणजे पिच: एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर. नियमित कंपनीत ते 31-32 इंच असतं, चार्टरमध्ये 28-29पर्यंत उतरतं. तीन इंच म्हणजे काय, हे आठ तासांनी कळतं.

खरा सापळा दोन वेगळ्या तिकिटांचा. गोवा ते लंडन एका कंपनीचं, लंडन ते टोरांटो दुसऱ्याचं. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, सगळा प्रवास असेल तर बॅग थेट शेवटपर्यंत जाते आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढचं लावून द्यायची जबाबदारी कंपनीची. दोन तिकिटं असली की लंडनला बॅग स्वतः घ्यायची, इमिग्रेशनमधून बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान चार तास उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. परतीचं तिकीटही बहुधा त्याबरोबर जातं.

बाहेर यायचं म्हणजे व्हिसाचा प्रश्न. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल, आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीआधी निघणारं पक्कं तिकीट हातात असेल, तर ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सवलत मिळू शकते. शेवटचा शब्द मात्र अधिकाऱ्याचा. आजीच्या जन्मदाखल्यावरून पोर्तुगीज झालेल्या मंडळींना ही कटकट कमी. पण त्यांनीही ईस्टा (अमेरिकेसाठी) किंवा ईटीए (कॅनडा, ब्रिटनसाठी) ही ऑनलाइन परवानगी न काढता विमानतळ गाठू नये, कारण काउंटरवरच्या बाईला तुमची आजी माहीत नसते.

आणि वजन. गोव्याहून निघताना दोन बॅगा, 46 किलो. समुद्रावरच्या स्वस्त तिकिटावर एक, 20 किलो. उरलेल्या 26 किलोंचा हिशेब लंडनच्या फरशीवर, बॅग उघडून, बायकोच्या देखत. सोलं राहू देत, हलकी असतात. दोदोल जड. काजू फेणीची बाटली चेक-इन बॅगेत चालते, 42.8 टक्के आहे, आणि 70 टक्क्यांपर्यंतच्या दारूला माणशी पाच लिटर विमानाची परवानगी असते. कस्टम्सची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी. मडगावचं चोरीस मात्र अमेरिकेत उतरवू नका, डुकराचं मांस विमानतळावरच काढून घेतात. लोणच्याची बरणी हँडबॅगेत टाकणाऱ्यांना 100 मिलीचा नियम दरवर्षी नव्याने सांगावा लागतो.

काही जण सुरक्षिततेचा मुद्दा काढतात. त्यांना दोन गोष्टी सांगतो. 24 ऑगस्ट 2001ला एअर ट्रान्सॅट या कॅनडातल्या चार्टर कंपनीचं टोरांटो-लिस्बन विमान इंधन गळून अटलांटिकवर दोन्ही इंजिनं बंद पडून तरंगत अझोरेस बेटांवर उतरलं, 306 जण वाचले. इंजिन बदलताना न जुळणारा भाग बसवला होता, तो इंधनाच्या नळीला घासला. 1983च्या जुलैमध्ये एअर कॅनडाच्या, म्हणजे पक्क्या नियमित कंपनीच्या, विमानाचं इंधन किलोऐवजी पौंडात मोजलं गेलं आणि तेही तसंच तरंगत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं. तराजू चुकला की कदंब काय नि वऱ्हाडाची बस काय.

भरपाईच्या बाबतीत मात्र चार्टरला कमी लेखू नका. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला, चार्टरलासुद्धा, तोच नियम: 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातचं असलं, तर 600 युरो. तांत्रिक बिघाड सहसा कंपनीच्याच हातचा धरतात. अमेरिकेहून युरोपकडे येताना मात्र कंपनी युरोपची असेल तरच. बॅग हरवली तर तिथल्या तिथे पीआयआरचा, म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा, फॉर्म भरा. मोडली असेल तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार. "घरी जाऊन सावकाश बघू" म्हणणाऱ्या गोंयकाराचं घोडं नेमकं इथे पेंड खातं.

एवढं करून तुम्ही एकच पीएनआर, 23 किलो, 31 इंच आणि क्रेडिट कार्ड असं सगळं जमवलंत. लंडनच्या गॅटविक विमानतळावर उतरून हीथ्रोहून पुढे जायचं नाही ना, हेही पाहिलंत. आता निघण्याच्या आदल्या रात्री तिकिटावरचा पहिला कोड चष्मा लावून वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, गोव्याचा दुसरा विमानतळ. मध्ये साठेक किलोमीटर, मांडवी, झुआरी, आणि सकाळच्या वेळी पर्वरीचा ट्रॅफिक.