त्याचा समाज किती, हे मला विचारू नका

आज सकाळी अमळनेरला चहाच्या टपरीवर फौजीभाऊंचा विषय निघाला आणि सगळे खो खो हसले. मोटर रिवाइंडिंगवाला लोकसभेला अपक्ष उभा राहतोय म्हणे! "हाऊ काय निवडी येस?" एक बोलला. दुसऱ्याचा प्रश्न ठरलेला, "त्याचा समाज किती?" मी अर्धा चहा टाकून उठलो. डोकं अजून तापलेलंच आहे.

उमर निघून जाईपर्यंत सीमेवर राहिलेला माणूस. हवालदार म्हणून रिटायर झाला, फंडाच्या पैशांतून गाळा घेतला, पाणबुडी मोटरी भरायला लागला. ऐन हरभऱ्याच्या पाण्यावर माझी मोटर जळाली तेव्हा त्यांनी रात्रभर बसून ती भरून दिली. जळालेली तांब्याची तार माझ्यासमोर काट्यावर ठेवली आणि भंगाराच्या भावाने तिचे पैसे बिलातून वजा केले. जुन्या तांब्याचा हिशेब तुम्हाला आजवर कोणी दिलाय का हो?

जनरल उभा राहिला की आपण टाळ्या वाजवतो. व्ही. के. सिंग २०१४ ला गाझियाबादमधून निवडून गेले, तेव्हा कोणी हसलं नाही. हवालदाराचं मात्र हसू येतं! १५ ऑगस्टला याच माणसाला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायचे, आणि त्याने मत मागितलं की समाज मोजायचा. लाज वाटू द्या जरा.

डिपॉझिट जाईल म्हणता. जाईलही. सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर २५ हजार बुडाले, हे त्यांनाही ठाऊक आहे. माइकवर ते अडखळतात, हेही कबूल. ५४३ जणांत एकटा अपक्ष काय दिवे लावणार, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण खासदाराच्या हातात वर्षाला ५ कोटींचा निधी असतो. तो मी तांबं तोलून देणाऱ्याच्या हाती देईन, दुसऱ्या कोणाच्या नाही.

खरं सांगू? राग आता जरा निवलाय, वाईटच जास्त वाटतंय. हसणाऱ्यांतल्या एकाचा पोरगा रोज पहाटे भरतीसाठी रस्त्यावर पळतो. २०२२ पासून जवान भरती अग्निवीर म्हणूनच होते. चार वर्षं नोकरी, पुढे फार तर २५ टक्के पोरं कायम. बाकीची गावी येऊन काय करणार? कोणी दुकान टाकेल, कोणी गॅरेज. त्यांचं दुखणं दिल्लीत कोण मांडणार? ज्याने वर्दी उतरवून शटर उघडलंय, त्याच्याहून जास्त ते कोणाला कळतं?

अपक्षाला १० सूचक लागतात, तेही मतदारसंघातलेच. माझी सही पक्की आहे. चाळीसगाव, पाचोरा, एरंडोलकडच्या मित्रांनो, अजून नावं हवीत. मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक इनबॉक्स करा. अर्ज भरायला जळगावला कलेक्टर ऑफिसला मी जीप काढतोय, बसायला जागा आहे.