शर्टाचा रंग ठरलाय, बाकी काही नाही

आज सकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला. "विज्ञान दिनाला आकाशदर्शन ठेवलंय. २५ स्वयंसेवक हवेत. पांढरा शर्ट, काळी पँट. प्रमाणपत्र आणि नाश्ता मिळेल." दुर्बिणी किती, लोक किती येणार, पोरांना आधी कोण शिकवणार, याबद्दल अवाक्षर नाही.

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. कुणाचा कार्यक्रम ते सोडा. आधी नोंदणीचं टेबल, मग रांग, मग पाण्याच्या बाटल्या. साडेदहाला दुर्बिणी पेट्यांत गेल्या आणि तिने गुरू बघितलाच नव्हता! प्रमाणपत्र मिळालं, त्यातही आडनाव चुकलेलं. ती परत कुठे दिसली नाही. संयोजकांचं म्हणणं, हल्लीच्या मुलांना विज्ञानाची आवडच नाही.

आवड? आठ इंची डॉब्सोनियन घ्या, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी. २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की ४८ पट मोठं दिसतं. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे मध्यावर आणलेला गुरू दोनेक मिनिटांत कडेला जातो आणि बाहेर पडतो. १० मिमीचा लावला तर आणखी मोठा दिसतो, पण मिनिटभरात गायब. तरी कुणीतरी मान्यवर येतातच, "अजून मोठा करून दाखवा." करतात मग मोठा. रांगेतला तिसरा माणूस काळंकुट्ट आकाश बघतो, "वा, छान" म्हणतो आणि घरी जातो. आपण काय बघितलं नाही हे त्याला कधीच कळत नाही.

म्हणून दुर्बिणीला एक हात सतत लागतो, दर तीन-चार माणसांमागे गुरू परत मध्यावर आणणारा. हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. त्या मुलीला सहज आलं असतं.

दुसरा माणूस लहान मुलांसाठी. फेब्रुवारीत गुरू वर चढलेला असेल तर नळी जवळपास उभी होते, आयपीस चार फुटांवर जातो. पहिली-दुसरीतल्या पोराला स्टूल द्यावंच लागतं. स्टुलावर चढलेलं पोर पडायच्या भीतीने पहिल्यांदा काय धरतं? नळी. गेला गुरू. म्हणून शेजारी पाठीची खुर्ची ठेवायची आणि आधी त्याचे दोन्ही हात त्या पाठीवर ठेवून घ्यायचे. साधी गोष्ट आहे, पण दरवेळी कुणीतरी विसरतं आणि पोराला ओरडतं.

तिसरा रांगेशी बोलणारा. माणशी अर्धा मिनिट धरा, ३०० लोकांना एका दुर्बिणीवर अडीच तास. तेवढा वेळ लोकांनी काय पुढच्याची पाठ बघायची? याच्या हातात १० बाय ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) द्या, कृत्तिका दाखवू दे, मृगातले तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य हे तारे नुसत्या डोळ्यांनी ओळखू दे. खरं विज्ञान रांगेतच सांगून होतं, आयपीसपाशी फक्त "अय्या!" होतं. पाऊण तासाने तिघांची अदलाबदल. झालं.

हो, एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना वर्षाचे १२० तास भरायचे असतात, प्रमाणपत्र त्यांना लागतं. द्या की. नाव तेवढं नीट लिहा.

आणि आरशाचं. गाडीतून काढलेल्या दुर्बिणीचा आरसा गरम असतो, बाहेरच्या हवेला यायला अर्धा-पाऊण तास घेतो. तोवर गुरू पातेल्यातल्या उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा हलतो. पण त्याचे चार मोठे चंद्र दिसतात. तो अर्धा तास स्वयंसेवक पोरांचा! लोकांना आत सोडायच्या आधी प्रत्येकाने बघायचं, पोटभर. ज्याने आत्ताच बघितलंय त्याचा आवाजच वेगळा लागतो. त्या मुलीला एवढंच द्यायचं होतं हो. खर्च शून्य.

प्रश्नांना घाबरतात बिचारी. "शनीच्या साडेसातीचं काय?" असं कुणी आजोबांनी विचारलं की चेहरा उतरतो. त्यांना आधीच सांगून ठेवावं, "माहीत नाही, विचारून सांगते" हे पूर्ण उत्तर आहे. अडलेले प्रश्न वहीत लिहायचे आणि आठवड्याच्या आत चहाला बसून सोडवायचे. गट बनतो तो त्या चहाला. कार्यक्रमाच्या रात्री सगळे दमलेले असतात, गट कसला बनतोय. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून. इतकी वर्षं नुसत्या पांढऱ्या शर्टांवर निघत नाहीत.

रात्री दहानंतर मुली घरी कशा जाणार हेसुद्धा निरोपात लिहायचं असतं, सकाळीच. कोण कुणाला सोडणार ते नावानिशी. रिक्षाचे पैसे त्याच रात्री हातात, "बिल पाठव, बघतो" नाही. हे वाचून कुणाला राग येणार असेल तर येऊ दे.

तीन पायऱ्यांचं न डुगडुगणारं स्टूल कुणाकडे पडून असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. प्लास्टिकचं नको.