ड्रोमानाचं दार मंदिराचं नाही

आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या एका दाराचा फोटो अधूनमधून आपल्या ग्रुपवर येतो. पुलाच्या टोकाशी कमान, तिच्यावर कांद्याच्या आकाराचा हिरवट घुमट, बाजूंना बारीक मिनार. खाली मजकूर: ‘आयर्लंडमध्ये प्राचीन हिंदू मंदिराचं महाद्वार आजही उभं आहे, तिथले लोकही त्याला हिंदू दारच म्हणतात.’ हे दार मला फार आवडतं, म्हणूनच त्याच्याबद्दल भलतंच पसरलेलं बघवत नाही.

आधी ‘प्राचीन’ बघू. फिनिस्क नदीवरचं हे दार एकोणिसाव्या शतकातलं आहे. ड्रोमाना इस्टेटीचा मालक हेन्री व्हिलिअर्स-स्टुअर्ट याचं १८२६ मध्ये थेरेसिया पॉलिन ऑट हिच्याशी लग्न झालं. जोडपं घरी येणार म्हणून, आपण मांडव घालतो तशी, लाकूड आणि कागदाच्या लगद्याची तात्पुरती कमान उभारली होती. ती दोघांना इतकी आवडली की पुढे तीच पक्क्या बांधकामात उतरवली, असं सांगतात. मार्टिन डे या वास्तुविशारदाने काढलेला तिचा आराखडा १८४९ चा आहे. मोडकळीला आलेलं हे दार १९६० च्या दशकाच्या शेवटी आयरिश जॉर्जियन सोसायटीने दुरुस्त केलं, नाहीतर फोटो काढायलाही उरलं नसतं.

आता ‘मंदिर’. कमानीच्या दोन्ही अंगांना छोट्या खोल्या आहेत, त्यांच्याकडे नीट बघा. हे गेट लॉज, म्हणजे आपल्या वाड्याच्या देवडीसारखं. फरक एवढाच की देवडी वाड्यालाच लागून असते आणि तिथे पहारेकरी बसतात. गेट लॉज मुख्य घरापासून लांब, इस्टेटीच्या हद्दीवर असायचं आणि दारवान तिथे बायकामुलांसह राहायचा. घोडागाडीची चाहूल लागली की रात्री-अपरात्री, पावसातसुद्धा कुणीतरी उठून फाटक उघडायचं. पाहुण्याला मालकाची ऐपत पहिल्यांदा दिसायची ती इथेच. म्हणून राहत्या घरावर जे करायची छाती होत नसे ते जमीनदार लॉजवर हौसेने करत. कुणी किल्ल्याचे बुरूज लावले, कुणी ग्रीक देवळाचे खांब. ड्रोमानाला घुमट आला. खुद्द ड्रोमानाच्या घरावर तसा घुमट नाही.

आणि ‘हिंदू’? या शैलीला हिंदू-गॉथिक म्हणतात, हे खरं. पण शिखर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. घुमट आणि मिनार मुघल वळणाचे, खिडक्या युरोपातल्या जुन्या चर्चसारख्या उभट आणि टोकदार. त्या काळी इंग्रजीत हिंदुस्थानी वाटणाऱ्या कुठल्याही बांधकामाला सरसकट ‘हिंदू’ म्हणत. या नावावरून धर्म काढता येत नाही.

मालक हिंदुस्थानात राहून भारावला, असंही कुणी जोडतं. त्याची कारकीर्द घडली ती आयर्लंडच्या राजकारणात. त्याच १८२६ मध्ये त्याने कॅथलिकांच्या हक्कांची बाजू घेऊन वॉटरफर्डची निवडणूक लढवली आणि बलाढ्य बेरेसफर्ड घराण्याच्या उमेदवाराला हरवलं.

मग घुमट आला कुठून? इंग्लंडमधून. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियन या राजवाड्याला वास्तुविशारद जॉन नॅशने १८१५ ते १८२२ या काळात असेच घुमट चढवले आणि त्यांची मोठी चर्चा झाली. त्याच्याही आधी, १८०५ च्या सुमारास, ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट उभं राहिलं. ईस्ट इंडिया कंपनीत काम करून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलचं हे घर त्याच्या भावाने, सॅम्युअलने, आखलं. तिथल्या बागेच्या रचनेत टॉमस डॅनिएलचा हात होता. हा चित्रकार अनेक वर्षं हिंदुस्थानभर फिरून देवळं, मशिदी आणि लेणी रेखाटून गेलेला. त्या बागेतल्या पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले आहेत. गेटवेहून लाँचने जाऊन आपण लहानपणी ज्या खांबांना हात लावला, त्यांची नक्कल तिथे इंग्लंडमधल्या एका ओढ्यावर उभी आहे. देवाच्या जागेशी नातं सांगणारा दगड हवाच असेल, तर फोटो त्या पुलाचा पाठवा.