पाणी घालू नका!

लातूरकराला पाणी जपायला शिकवावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं आणि 2016 च्या एप्रिलमध्ये आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हापासून तर इथं तांदळाचं धुवणसुद्धा कोणी मोरीत सोडत नाही. अशा गावात मी हिवाळ्यापासून मेपर्यंत एका कुंडीला पाण्यापासून राखतो.

कुंडीत फुटबॉल लिलीचा कंद आहे. थंडी पडली की हिची पानं पिवळी पडून गळतात, कंद झोपी जातो. या झोपेत पाणी पाजलं की कुजलाच. त्यात आपली काळी माती एकदा भिजली की ओल सोडत नाही. तुरीला मानवते, कंदाला भोवते. म्हणून निम्मी वाळू, थोडं शेणखत आणि कंदाची मान मातीच्या बरोबरीला. शास्त्र एवढंच. बाकी सगळं राजकारण.

कारण वरून दिसते ती नुसती कोरडी माती, आणि कोरडी माती बघून आमच्याकडं माणसाच्या पोटात कालवतं. आई भाजी धुतलेलं पाणी घेऊन हजर.

"जीव हाय रे त्यात."

"आई, झोपलाय तो."

"झोपलेल्याला तहान लागत नाही व्हय?"

शेजारचे काका गेटवरून, "रिकाम्या कुंडीची राखण करलालाव का?" शेवटी मी कुंडीवर घमेलं पालथं घातलं. कामाच्या मावशींनी ते उचललं, लख्ख घासलं आणि विसळलेलं पाणी कुंडीतच ओतलं. वाया कशाला घालवायचं?

मेमध्ये पारा बेचाळिशीपार असताना, पानाचा पत्ता नसताना, मातीतून जाड देठ वर आला. टोकाला शंभरेक बारक्या लाल फुलांचा चेंडू, प्रत्येक फुलातून पिवळ्या टोकांचे केसर बाहेर. गल्ली लोटली. काकांनी नाक लावलं, "वास नाही व्हय?"

आई म्हणाली, "रोज रात्री तू झोपलास की वाटीभर घालत होते. नाहीतर येतंय का?" काका म्हणाले, फिरून आलो की बाटलीतलं उरलेलं मीही ओतायचो. मावशी नुसत्या हसल्या.

निम्म्या वाळूनं अब्रू राखली, पण तिला कोण विचारतंय! काकांनी एक गड्डा मागून घेतला.

"फक्त पाणी किती घालायचं तेवढं लिहून द्या," म्हणाले.